चालत्या वळूची रील

उदगीरच्या मैदानावर एक शेतकरी रोज सकाळी आपला देवणी जातीचा वळू फिरवायला आणायचा. पशुप्रदर्शनाआधी महिनाभर जनावराला चालवावं लागतं, नाहीतर अंगात सुस्ती भरते. डोक्याला पांढरा रुमाल, हातात कासरा, आणि वळूशी हळू आवाजात गप्पा. मीही तिथं फिरायला जायचो, पण नाव कधी विचारलं नाही.

माझी दहावीतली लेक सुट्टीत दिवसभर मोबाईल घेऊन लोळायची; मी बोलून बोलून थकलो होतो. रीलमध्ये वळू हवा म्हणून ती एकदा माझ्याबरोबर मैदानावर आली. "काका, जरा थांबवा ना त्याला."

तो चालतच राहिला. "थांबलं की सुस्तावतंय, पोरी. फोटू पायजे तर संगं चाल."

त्या दिवशी अर्ध्या फेरीतच तिला धाप लागली. दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरी झाली. मग मैत्रिणीही आल्या. तो रोज चाल थोडी वाढवायचा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यानं कासरा तिच्याकडे दिला. एवढं धिप्पाड जनावर, आणि माझी पोर त्याच्या बरोबरीनं पाच फेऱ्या चालली, मान ताठ ठेवून. घामानं भिजून आली तेव्हा मी म्हटलं, "दाखव आजची रील."

"काढलीच नाही," ती म्हणाली. "दोन्ही हातांत कासरा होता."