सहा बाकांचा पंचनामा

नोकरीतले बहुतेक गुन्हे मी विसरलो, पण बागेतल्या बाकांची ती घटना आजही आठवते, आणि आठवली की थोडी लाजही वाटते. तेव्हा मी मांडव्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शेजारच्या गावात समुद्रालगत सार्वजनिक बाग होती. गावानेच कधीकाळी वर्गणी काढून उभी केलेली: मधोमध कारंजं, भोवती सुरूची झाडं आणि बिडाचे सहा बाक. म्हातारी माणसं सांगत, रविवारी तिथे बँड वाजायचा आणि बसायला जागा मिळायची नाही. पुढे बँड बंद पडला, कारंजं आटलं. माळी तेवढा राहिला.

एका सकाळी बागेच्या डागडुजीचा कंत्राटदार ठाण्यात आला. सहाही बाक चोरीला गेले, संशय माळ्यावर. फिर्याद नोंदवून मी माळ्याच्या घराची झडती घेतली. निळ्या रंगाचा अर्धा डबा मिळाला. बाकही निळेच होते. मला तेवढं पुरलं.

माळ्याची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. त्याला दोन दिवस ठाण्यात बोलावून बसवलं. तोवर गावभर बोभाटा झाला. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली ती तोंडावर पदर ओढूनच.

"रंग कुठला?" मी दरडावलं.

"बंदरावरचा, साहेब. होड्या रंगवून उरतो तो मागून आनतो. दर दिवालीला बाकांना लावतो. खारी हवा लोखंड खाते."

"पुरावा काय?"

"बाकच की! गावले तर खरवडून बघा. वर निला, त्याच्याखाली पिवला, त्याच्याखाली हिरवा. माज्या हातची बाग हाय, साहेब. बाक मी न्हाय नेले."

चोर सुटायची वाट शोधत बोलतो. हा बाकांचे रंग सांगत होता. माझा आवाज आपोआप खाली आला.

तिसऱ्या दिवशी हवालदाराने खबर आणली: नागावच्या एका होमस्टेत जुने बाक आलेत. जाऊन पाहिलं, तर सहाही पांढरेशुभ्र. "आजोबांच्या वेळचे आहेत," मालक म्हणाला. दोन पंचांसमोर एका बाकाचा पाय खरवडला. पांढऱ्याखाली निळा, मग पिवळा, मग हिरवा. मालकाने घाम पुसला आणि विकणाऱ्याचं नाव सांगितलं. आमचा फिर्यादीच! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

कंत्राटदाराला अटक केली. माळ्याच्या घरी जाऊन, शेजाऱ्यांदेखत त्याची माफी मागितली. बाक मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ठेवले. दिवाळीला माळी रंगाचा डबा घेऊन हजर.

"काका, मुद्देमाल आहे. रंग लावता येत नाही," मी म्हटलं. त्याने गमछ्याने सहाही बाक पुसले आणि निघून गेला.

खटला चालला तोवर बागेचा एक कोपरा बंदरावर बोट पकडायला जाणाऱ्यांच्या गाड्या लावायला दिला गेला. मग दुसरा. शेवटी सुरूची झाडं तोडली गेली आणि कारंज्यावर डांबर पडलं. कंत्राटदाराला शिक्षा झाली, बाक परत देण्याचा न्यायालयाचा हुकूम आला. ग्रामपंचायतीकडे ते मांडायला जागा उरली नव्हती. गोदामात टाकले. तेव्हा माळी मुद्दाम आला होता.

"बाक गावले, साहेब," तो म्हणाला. "बाग कोनी नेली?"

वस्तू एका रात्रीत गेली की माणसं ठाण्यात धावतात. जागा रोज थोडी थोडी, सगळ्यांदेखत जाते, आणि फिर्याद द्यायला कोणी येत नाही. मीही कोणाला अडवलं नाही. बाक पोहोचवायला गेलो, त्या दिवशी माझी जीप त्याच डांबरावर उभी होती.