वेलांटीबाईंचा शेरा

कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं वेलांटीबाई म्हणत. पहिली की दुसरी, यावरून त्या विद्यार्थ्याला जिन्यातसुद्धा गाठायच्या. "पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे पाणी. एका वेलांटीपायी माणूस तहानलेला राहील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा प्राचार्यांनी फर्मान काढलं. निबंध कागदावर नकोत, संगणकावर सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच सामायिक पानावर लिहायचे. बाईंनी शेरेही तिथंच द्यायचे. सत्र संपेपर्यंत हे जमलं नाही, तर लेखनाचा तास संगणकाच्या सरांकडे जाणार. व्याकरण कुणीही शिकवावं, पण लेखनाचा तास म्हणजे बाईंचा जीव की प्राण.

विषय दिला होता 'पाणी'. निबंध आले, पण सगळे एकाच साच्यातले. 'पाण्याचे मानवी जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे,' हे वाक्य अर्ध्या वर्गानं कुठून तरी उचलून चिकटवलं होतं. त्यावर शेरे द्यायचे, तर बाईंचं एक बोट कळफलकावर अक्षर शोधत हिंडायचं, गर्दीत चप्पल हरवलेल्या माणसासारखं.

सून म्हणाली, "आई, हे माइकचं चित्र दाबा आणि बोला. लिहायचं काम ते करतं."

"बोलायचंच आहे ना? मग काळजी मिटली," यजमान पेपराआडून म्हणाले.

त्यांच्याकडे दुर्लक्ष करून बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं, चित्र दाबलं आणि एकामागून एक शेरे सोडले. वाचून बघायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर खसखस पिकलेली. पडद्यावर पान उघडलेलं होतं आणि मागच्या बाकावरच्या लंबूच्या निबंधाखाली बाईंच्या नावानं लिहिलं होतं: 'हे सगळं उसनं आहे बाळा तू शेवटचं पाणि कधी भरलंस ते लिही अहो चष्मा डोक्यावर आहे तुमच्या आणि मोटार बंद करा आधी टाकी वाहतेय'.

खाली उत्तरांची रांग लागली होती. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं लिहिलं होतं, 'बाई, पाणि म्हणजे हात.' कुणीतरी विचारलं होतं, 'टाकी थांबली का?'

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेरा पुसायला त्या पुढं झाल्या, तोच लंबूचं उत्तर दिसलं. 'बाई, पाणी रोज मीच भरतो. आमच्या मजल्यावर नळ नाही. आईची कंबर धरल्यापासून बादल्या माझ्याकडे आल्या. जिन्यात पाणी सांडलं की खालच्या काकू माझ्या सात पिढ्या काढतात. पण असलं निबंधात लिहितात का?'

बाईंनी हात मागं घेतला.

"लिहितात," त्या म्हणाल्या. "असलंच लिहितात. काकू काय काय म्हणतात, तेही येऊ दे."

"सगळं नाही लिहिता यायचं, बाई," लंबू म्हणाला, आणि वर्गाबरोबर बाईही हसल्या.

शेरा तसाच राहिला. त्या दिवसापासून रीतच पडली. आधी घरी बसून यंत्राशी बोलायचं, मग पानावर एकमेकांच्या वेलांट्या पकडायच्या. बाईंची चूक सापडली तर मुलांना दिवाणी दावा जिंकल्याचा आनंद. एका मुलीच्या निबंधात तिची आजी मधेच म्हणाली, 'निबंधात माझी विहीर घातलीस का गं?' मुलीनं ते वाक्य काढलं नाही. तिथूनच निबंध सुरू केला.

सत्र संपताना प्राचार्य संगणकाच्या सरांना घेऊन पान बघायला बसले. बाई शेजारी उभ्या, पदराचं टोक मुठीत. प्राचार्य वाचता वाचता दोनदा हसले, एक निबंध त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"सर, पुढच्या सत्रात हा तास सांभाळाल?" त्यांनी विचारलं.

सर खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळले. "पान बंद पडलं तर मी चालू करून देईन. पण या मुलांना एवढं बोलतं करणं माझ्याच्यानं होणार नाही. तास बाईंकडेच असू द्या."

"मग असू द्या," प्राचार्य म्हणाले आणि पुढचा निबंध उघडला.

बाईंची मूठ सुटली. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि सरांना म्हणाल्या, "पान बिघडलं की बोलावीन हं. पण रिकाम्या हातानं यायचं नाही. तुमचाही एक निबंध हवा."