डाव्या पापणीवरचा अंगारा

मी भित्रा आहे. सलग तीन वर्षं जिल्ह्याचा बॉक्सिंगचा चॅम्पियन राहिलेल्या माणसानं हे कोणत्या तोंडानं सांगावं? पण ऐंशी सालाच्या आगेमागे महिनाभर मी जीव मुठीत धरून जगलो. सरावात एक जबर ठोसा बसला आणि डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. मग खालच्या बाजूनं एक सावली वर चढू लागली. रोज उठल्याबरोबर उजवा डोळा झाकायचा आणि भिंतीवरचं कॅलेंडर किती दिसतं ते पाहायचं, हाच उद्योग. तारखांची एकेक ओळ नाहीशी होत होती. आंधळा होण्याची भीती होतीच, पण कुणाला कळलं तर स्पर्धेतून काढतील, ही भीती त्याहून मोठी. विभागीय स्पर्धा जिंकली की पोलिसात नोकरी मिळेल, असं मला सांगितलं गेलं होतं. नालवाडीतल्या आमच्या जमिनीच्या तुकड्यातली वांगी-टमाटी डोक्यावर घेऊन आई वर्ध्याच्या बाजारात बसायची. तिला त्यातून सोडवायचं होतं.

म्हणून मी रोज मारुतीपुढे हात जोडायचो, "स्पर्धा होईपर्यंत झाकून ठेव." लबाडीत देवालाच सामील करायला निघालो होतो, दुसरं काय!

"डोया काऊन चोळून राह्यला रे?" आईनं एकदा विचारलं.

"कचरा गेलता, माय," मी म्हणालो. ती टोपली उचलून बाजाराला निघाली.

आमच्या घरी अंगारा कपाळाला लावतात, पण काही दुखणं असेल तर त्या जागी. स्पर्धेच्या सकाळी मी आईच्या पाया पडून उठलो, तर तिनं अंगाऱ्याचं बोट थेट माझ्या डाव्या पापणीवर टेकवलं. आता सगळ्यांची नजर तिथंच जाणार. वाटेत तो पुसावा असं दहादा वाटलं. पण मारुतीचा अंगारा आपल्याच हातानं पुसायचा? रिंगणात कुणाच्या बापाला न भिणारा मी, माझी तेवढी छाती झाली नाही.

झुंजीआधी शाळेच्या एका वर्गात तपासणी असायची. नेहमीचे डॉक्टर छातीला नळी लावून सही ठोकायचे. त्या दिवशी ते गावाला गेलेले, आणि त्यांच्या जागी एक अनोळखी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "सगळ्या पोरांच्या कपाळाला अंगारा, तुझ्याच पापणीला का?"

"मायनं लावला."

"पण तिथंच का?"

कचऱ्याची थाप जिभेवर तयार होती. पण अंगावर अंगारा असताना खोटं बोलायची हिंमत होईना. "मले दिसत नाई तिकून," मी म्हणालो.

बाईंनी बॅटरी लावून बराच वेळ डोळा पाहिला, मग यादीतलं माझं नाव खोडलं. आतला पडदा सुटत चालला होता. आज एक ठोसा बसला असता तर डोळा गेलाच होता, म्हणाल्या. त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी मात्र आधी घरी येऊन आईवर ओरडलो, "तुह्या अंगाऱ्यानं माह्यं वाटोळं केलं!" त्या शब्दांची आजही लाज वाटते.

ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधलेले. मान हलवायची नाही, खोकायचंही नाही. तो काळोख मला आजही आठवला की अंगावर काटा येतो. समोर कुणी असता तर लढलो असतो. चौथ्या की पाचव्या दिवशी मी रडत मारुतीला म्हणालो, "आता तू ठेवशील तसा." काही चमत्कार झाला नाही. फक्त त्या रात्री झोप लागली.

डोळा वाचला, कडेचं थोडं अंधुक राहिलं. रिंगण सुटलं, नोकरीची आशाही गेली. भाजीची टोपली मीच डोक्यावर घेतली.

पट्टी सुटल्यावर आईला विचारलं होतं, "तुले कसं समजलं, माय?"

"मले कायचं समजते? तू मले सांगत नवता. मंग म्या मारुतीले म्हटलं, हा सांगत नाई, तूच पाह्यजो."

तेव्हापासून मी मारुतीपुढे काही मागत नाही. त्याचे उपकार आठवत उभा राहतो, आणि त्याला पाहू देतो.