क्लोरीनबाईंचं नाक

जलशुद्धीकरण केंद्रात सगळे त्यांना क्लोरीनबाई म्हणत. तुरटी टाकून निवळलेल्या, वाळूतून गाळलेल्या पाण्यात क्लोरीन सोडायची जी खोली असते, तिथे बाईंनी उभी हयात काढली होती. त्यांच्या हाताखालून गेलेलंच पाणी शहर पीत होतं. कपड्यांत तो वास इतका मुरलेला, की बसमध्ये शेजारची माणसं अंग चोरून बसत.

त्या दिवशी सकाळपासून बाईंचे डोळे चुरचुरत होते. नातवाच्या रडण्यानं झोपेचं खोबरं झालेलं, त्याचंच हे, असं समजून त्या खुर्चीत बसून राहिल्या. तेवढ्यात फिटर नाकाला रुमाल लावून दारात आला.

"बाई, आधी बाहेर या! गॅस सुटलाय!" म्हणत त्यानं त्यांना दंडाला धरून ओढलंच.

सिलिंडरचा जोड सैल झाला होता. गळती किरकोळ होती म्हणून निभावलं. पण बाहेर खोकत बसलेल्या फिटरनं विचारलं, "तुम्हाला वास कसा नाही हो आला?" आणि बाईंना घरचं आठवलं. नुकतंच घरी दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं होतं, तेव्हाही त्या ओट्याशीच उभ्या होत्या. "आई, लक्ष कुठे असतं तुमचं?" सून वैतागली होती. लक्ष जागेवर होतं. नाक गेलं होतं.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. "मला वास येत नाही. त्या खोलीत आता मला ठेवू नका."

"सर्दी असेल हो. निवृत्ती आलीच आहे, ढकला तेवढं."

"मी ढकलेन. पण माझ्या भरवशावर दुसरं कुणी आत आलं तर?"

साहेबांनी उसासा टाकला आणि त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. तिथे दिवसभर लोक त्यांना वासच सांगत. "औषधाचा, मातीचा, की गटाराचा?" विचारून विचारून बाईंचा जीव मेटाकुटीला येई.

एकदा एका आजोबांचा फोन आला, नळाला गटाराचा वास येतोय. पाठोपाठ त्याच गल्लीतून आणखी कुणाचा तरी. बाईंनी साहेबांच्या मागे लागून गल्लीचं पाणी बंद करवलं, टँकर पाठवला. खोदल्यावर फुटका पाइप सापडलाच, सांडपाण्यात बुडालेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आजोबा. "नळाला थेंब नाही! झोपा काढता का तिथे?"

"मीच बंद करायला लावलंय, आजोबा. कोपऱ्यावर टँकर उभा आहे."

"माझ्याच्यानं बादली उचलवत नाही हो."

बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी त्याच गल्लीत खड्ड्यात उतरलेल्या फिटरला फोन लावला. "एक बादली आजोबांच्या दारात ठेवशील का रे?"

"बाई, चिखलानं माखलोय. कंबरेचा काटा ढिला झालाय."

"माहीत आहे. हात स्वच्छ धू आणि ठेव."

पुटपुटत का होईना, त्यानं बादली पोचवली. आजोबांचा पुन्हा फोन आला नाही. बाकीच्यांचे येत राहिले.