ओल्या दोराची गाठ

येलदरी धरणाच्या फुगवट्याचा एक फाटा आमचं गाव आणि पलीकडची वस्ती यांच्या मधून आत घुसतो. त्यावर झुलता पूल आहे. दोन पोलादी तारा, त्यांवर आडव्या फळ्या, आणि एकेक फळी अंबाडीच्या दोराने तारेला आवळलेली. हे दोर सरजाबाई वळते. आधी तिचा नवरा सूर्यभान वळायचा. तो गेला त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून तीच.

पाऊस उघडला की पुलावर पहिला पाय तिचा. अनवाणी. तळव्याने फळी न् फळी चाचपत पलीकडे जायचं, परत यायचं आणि म्हणायचं, "या आता." तोवर सरपंचानेही थांबायचं.

"नायलॉनचा का नाही बांधत, आजी?" मी एकदा विचारलं होतं.

"नायलॉन मुका असतो, बाई. तुटल्यावरच कळतं. अंबाडी आधी कुरकुर करती, माझ्या सासूवानी." मग हसू पुसून म्हणाली, "भिजली की आवळती, वाळली की ढिली पडती. ऊन-पाऊस खेळायलाय त्या दिवशी मातर तिचा भरवसा धरू नये."

अशाच एका दिवशी, चार वर्षांपूर्वी, तिने तात्यारावांना अडवलं होतं. पलीकडे लेकीच्या घरी त्यांची आई शेवटचे श्वास घेत होती. तात्यारावांनी हात जोडले, मग शिव्या दिल्या. सरजाबाई पुलाच्या तोंडावर आडवी बसून राहिली. ते पोचले तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

गेल्या भादव्यात सकाळीच फोन आला. पलीकडे दिलेली तिची धाकटी बहीण बायनाबाई वारली. सवाष्ण गेली. आमच्याकडे सवाष्णीला माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय उचलत नाहीत, आणि बायनाबाईला माहेर म्हणायला आता सरजाबाई एकटीच उरली होती. तिने हिरवं लुगडं काखेत मारलं आणि पुलाची वाट धरली. सोबत मी.

पाऊस नुकताच थांबून लख्ख ऊन पडलं होतं. फळ्यांमधून वाफ निघत होती. रस्त्याने जायचं तर वीस किलोमीटरचा फेरा, आणि वाटेतला फरशी पूल पाण्याखाली.

पलीकडच्या काठावर बायनाबाईचा मुलगा बालाजी हात हलवत होता.

"मावशे, ये! मधल्या सहा फळ्यांचे दोर कुजले होते. तुझ्यासाठी पहाटंच नवे आवळले म्या!"

सरजाबाईचा उचललेला पाय खाली आला.

"दोर कोरडा होता का ओला, लेकरा?"

"पाऊस चालू होता की! ओलाच. पर दात लावून आवळला!"

तिने वर उन्हाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओला आवळलाय. ह्या उन्हात ढिला पडला असंल."

"जा की, आक्का."

मागे बाभळीखाली तात्याराव उभे होते. बातमी ऐकून आले होते. "आज कोण आडवायलंय तुला? आडवी बसणारी तर तूच."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पुलाच्या तोंडाशी, त्याच जागी, खाली बसली.

"मावशे!" बालाजीचा आवाज चिरकला. "ढग परत यायलेत. सरण भिजंल. आईला किती येळ ठिवू?"

"नको ठिवू."

"आन लुगडं?"

दुधाच्या कॅन पाठवायला पुलाच्या वर एक वेगळी तार आहे, कप्पीची. ती फिरवायचा दांडा आमच्या काठावर. सरजाबाईने लुगडं एकदा पोटाशी धरलं, त्याच्या काठावरून हात फिरवला आणि टोपलीत ठेवलं. वरून स्वतःच्या डोईवरचं प्लास्टिक झाकलं. पण दांडा काही तिच्याने फिरेना. मी पुढे होणार तेवढ्यात तात्याराव आले.

"हो बाजूला."

टोपली डुलत निघाली. मधोमध पोचली तेव्हा वारा सुटला. खाली पूल हलला आणि कुणाचा पाय नसताना एक फळी तिरपी झाली, घसरली, पाण्यात पडली. तात्यारावांचा हात थांबला.

"फिरव, तात्या," ती म्हणाली. "ती वाट बघायलीय."

बालाजीने लुगडं कपाळाला लावून घेतलं आणि वस्तीकडे धावला. अर्ध्या तासाने त्यांनी तिरडी मुद्दाम काठावर आणली. खांद्यांवर हिरवा पट्टा दिसत होता. चेहरा एवढ्या लांबून कुठला दिसणार!

"हिरवं हाय ना?" तिने मला विचारलं.

"आहे."

"निऱ्या नीट बसल्यात का?"

"बसल्यात, आजी."

तिने तिथूनच हात जोडले. तिरडी वळली.

"आक्का," तात्याराव खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशीबी..."

"चार फळ्या ढिल्या होत्या, तात्या. तुझं तोंड बघून सांगायचं धाडस झालं न्हाई."

टपोरे थेंब पडू लागले. सरजाबाईने पदराखालून कोरड्या दोराचं भेंडोळं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"भिजू दिऊ नको. उघडलं की बांधायच्यात."

तात्यारावांनी ते सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि तिच्या शेजारी, पुलाच्या तोंडाशी, आडवे बसले.