कातरीचं पोलाद

मोसंबीची कलमं बांधायला लागलो त्या पहिल्या दीड वर्षात मी तीन चाकू वापरून पाहिले. तिसरा टिकला. तो मी निवडला नाही, माझ्या वडलांनी निवडला.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं घर मेंढपाळाचं. तीर्थपुरीच्या आसपास वडील कळप फिरवायचे. एका साली रोग आला, निम्मी मेंढरं गेली, आणि उरलेल्या कळपामागे दोन गड्यांचं काम राहिलं नाही. मी एका जमीनदाराच्या बागेत मजुरीला लागलो. आबांना, म्हणजे वडलांना, ते रुचलं नाही. “झाडाला काय चारायला नेतो का तू?” एवढंच म्हणाले, आणि मग कित्येक महिने आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

बागेत कलमं बांधायला औरंगाबादेकडचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. जंबेरीच्या, म्हणजे खुंटाला लावतात त्या आंबट लिंबाच्या, रोपाच्या सालीला ते उभा-आडवा चिरा देत, मोसंबीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे फुटवा येतो ती कळी, पातळ सालीसकट उचलत, चिऱ्यात सरकवत आणि केळीच्या सोपटानं, खोडाच्या सालीच्या पट्टीनं, बांधून टाकत. वीसेक दिवसांनी डोळ्याखाली राखलेला पानाचा देठ बोट लावताच गळून पडला, तर डोळा धरला. वाळून चिकटून राहिला, तर मेला. त्यांनी मला जवळ बसवून हे शिकवलं आणि म्हणाले, “चाकू अपना अपना. दुसरे के चाकू को हात नक्को लगाना.”

म्हणून मी जालन्याला जाऊन मिटता चाकू आणला. पातं आरशासारखं, आणि दुकानदार म्हणाला, पाण्यात ठेवा, गंज चढणार नाही. ते खरं होतं. मोसंबीच्या रसानं उस्तादांचं पातं काळं पडायचं, दर चार डोळ्यांनी ते पुसायला लागायचं. माझं जसंच्या तसं राहायचं. मला ते माझं शहाणपण वाटायचं.

वीस दिवसांनी मी बांधलेल्या ओळीत देठ गळेनात. दहातले सात डोळे सुकले होते. उस्तादांनी माझा चाकू मागून घेतला, अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून ओढलं. ते नखाला चावलं नाही, नुसतं घसरलं.

“धार कब लगाई?”

“सकाळीच.”

“तो फिर ये आम काटने का है. साल कापत नाही हा, चेंगरतो.” ते मराठी आणि दखनी मिसळून बोलायचे. “चमकतं ते सगळं पोलाद बराबर नसतं, बेटा.”

मग कुणीतरी सांगितलं की जुन्या कानशीचा चाकू सगळ्यात चांगला. कानस लोखंड घासते, म्हणजे ती लोखंडापेक्षा कडक. बाजाराच्या गावी एक लोहार होता, त्यानं झिजलेली कानस तापवून, ठोकून मला पातं करून दिलं, मूठ आणि पातं मिटायची कमान जुन्या चाकूची बसवली. धार काय लागली! मनगटावरचे केस उडाले. पहिले पंधरा दिवस मी खुशीत होतो. डोळे अलगद निघायचे, सालीच्या कडा कागदासारख्या यायच्या.

मग एका दुपारी जंबेरीच्या बुंध्यावर गाठ आडवी आली. मी जरा जोर दिला, टोकाचा तुकडा टक्‌ करून उडाला आणि उरलेलं पातं घसरून डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात शिरलं. रक्त थांबेना. उस्ताद गावात गेलेले. बांधापलीकडे आबा मेंढ्या चारत होते. त्यांनी मला हात धरून बसलेलं पाहिलं आणि कळप कुत्र्यावर सोडून आले.

घोंगडीच्या कडेची लोकर उपटली, जाळली, तिची राख जखमेवर दाबून धोतराच्या काठानं बांधलं. मग खाली पडलेला चाकू उचलून तुटलेली बाजू उन्हात धरली.

“हे बघ.”

मी पाहिलं. तुटलेल्या जागी जाडजाड कण चमकत होते, मीठ फोडल्यासारखे.

“लोहारानं जास्त तापवलं. मंग पाणी दिलं, पण उतरवलं न्हाई.”

“उतरवलं न्हाई म्हंजे?”

“लाल करून पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण काचेवानी. मंग त्याला पुन्हा हळूहळू शेकायचं. वाळल्या कडब्याचा रंग आला की थांबायचं. आपल्या कातरीला असं पाणी दिलं असतं ना, तर मेंढराच्या अंगात तुकडा राह्यला असता.”

मला हे ठाऊक नव्हतं. वर्षातून दोनदा आबा सगळ्या कळपाची लोकर कातरायचे. लोकरीत वाळू, काटे, कुसळं. तरी कातर चालली पाहिजे, आणि बोथटली तर माळावरच्या दगडावर लावता आली पाहिजे. फार मऊ असली तर एका मेंढीला पुरायची नाही. फार कडक असली तर फुटायची. लहानपणापासून मी मेंढ्यांचे पाय धरून बसलो होतो, पण कातर कशी निवडतात हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

“हात बरा झाला की जालन्याला जाऊ,” ते म्हणाले. “मी येतो.”

तेव्हा विलायतेत लढाई चालू होती, जर्मन माल यायचा बंद झालेला. बाजारातल्या एका शिकलगारानं, धार लावणाऱ्यानं, आमच्यापुढे फडक्यावर तीन चाकू मांडले. एक माझ्या पहिल्यासारखा चकचकीत. दुसरा इकडचाच, पितळी मुठीचा, दिसायला फार देखणा. तिसरा जुना जर्मन. पातं करडं, डाग पडलेलं, शिंगाच्या मुठीला उभी चीर. माझा हात पितळी मुठीकडे गेला. आबांनी तो बाजूला सारला नाही. तिन्ही चाकू त्यांनी सारखंच मन लावून पाहिले. पात्याला नखानं टिचकी मारून कानाजवळ धरलं. कमान बघायला चाकू दहादा उघडला-मिटला. मग घोंगडीतून लोकरीचा एक सैलसर धागा काढला, ताणला नाही, नुसता लोंबता धरला आणि त्याला पातं लावलं.

चकचकीत चाकूनं धागा ढकलला. पितळी मुठीच्या चाकूनं कापला, पण आबांनी शिकलगाराच्या दगडावर पाच-सहा वेळा तेच पातं घासून पुन्हा लावलं तेव्हा अडला. जुन्या जर्मन चाकूनं दोन्ही वेळा धागा कापला. खाली पडलेलं टोक दिसलं तेव्हाच कापल्याचं कळलं.

“हा,” आबा म्हणाले.

“मूठ फुटली आहे आबा.”

“मूठ आपण करू. पातं करता येतं का तुला?”

शिकलगार हसला. “चाचा को मालूम है.”

घरी येऊन आबांनी मेंढ्याचं शिंग उकळत्या पाण्यात मऊ केलं, दोन फळ्यांत दाबून सपाट केलं आणि पितळेच्या तारेचे खिळे करून मुठीला ठोकलं. गंज चढू नये म्हणून मी रोज संध्याकाळी पात्याला करडईचं तेल लावायचो. तरी महिन्याभरात रसानं ते उस्तादांच्या पात्यासारखं काळं झालं. पुढच्या हंगामात माझ्या ओळीतले बहुतेक डोळे धरले. उस्तादांनी ओळ पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून मला स्वतःच्या शेजारची जागा दिली. तारीफ म्हणून तेवढीच.

त्याच उन्हाळ्यात मालकानं खतासाठी बागेत मेंढ्या बसवायचं ठरवलं आणि आबांनाच बोलावलं. कलमांच्या वाफ्याला काट्याचं कुंपण होतं. तिसऱ्या सकाळी आबा माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

“एक मेंढी आत शिरली. तीन कलमं खाल्ली, पार डोळ्यापर्यंत. मालकाला मी सांगून आलो. म्हणलं, चूक माझी.”

“काय म्हणाले?”

“पोराला विचार म्हणले, पुन्हा बांधता येतील का.”

खालची जंबेरी शाबूत होती. मी म्हणालो, येतील. काड्या आणल्या, बसलो. आबा समोर उकिडवे बसले. मी चिरा दिला, डोळा सरकवला आणि सोपट घ्यायला वळलो, तर त्यांनी ते आधीच पाण्यातून काढून, पिळून माझ्यापुढे धरलं होतं.

“किती घट्ट बांधू राह्यला?” त्यांनी विचारलं.

“धरा ना, तुम्हीच बघा.”

त्यांनी सोपटाचं एक टोक धरलं. दुसरं मी गुंडाळत गेलो.