बर्फाच्या देशातला खो

तृप्ती महाजनला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पाहायची सवय लहानपणापासूनची. देडतलाईच्या शाळेत गुरुजी फळ्यावर भागाकार मांडायचे आणि हिला त्या रेघांत आखलेलं मैदान दिसायचं. दोन टोकांना दोन खांब, मधे पाठमोऱ्या बसलेल्या पोरी, त्यांच्यातून वाऱ्यासारखी सुटलेली कुणीतरी. "ही पोर इथं बसेल रायते, पन इथं नसते," असं आई म्हणायची. मैदानात मात्र ती पुरती असायची. पळणारी कुठे वळणार, हे त्या पळणारीच्या आधी तिला कळायचं. कसं कळतं, ते तिला कधी सांगता आलं नाही.

आता ती बेचाळीस वर्षांची. बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. घर लोधीपुऱ्यात, नवरा भूपेंद्र केळीच्या व्यापारात. शाळा सुटली की ती स्वतः फक्कीनं मैदान आखायची. मागच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट सारखा येत राहायचा आणि त्या तालावर अठ्ठावीस पोरी धावायच्या.

अठरा वर्षांत तिच्या हाताखालून कितीतरी पोरी गेल्या, पण पल्लवीसारखी एकच. ती पळायला लागली की मैदानाची माती तिला खालून उचलून धरतेय असं वाटायचं. पंधराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या एका अकादमीनं तिला हेरलं, खो-खो सोडायला लावला आणि शर्यतीत उतरवलं. दोन वर्षांत गुडघा गेला. अकादमीनं शुभेच्छांचं पत्र देऊन घरी धाडलं. पल्लवी कपड्याच्या दुकानात कामाला लागली. संध्याकाळी मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची, आत यायची नाही. तृप्तीनंही तिला बोलावलं नाही. एक दिवस नुसतं म्हणाली, "पल्लू, त्या छोट्या पोरींना जरा बघ. माझा घसा बसला आज." घसा चांगला होता. पल्लवी आत आली आणि मग रोजच येऊ लागली.

तीन हिवाळ्यांपूर्वी लोधीपुऱ्यातल्याच योगेंद्रचा फोन आला. हा इंजिनियर होऊन नॉर्वेला गेलेला. त्याच्या बायकोनं गंमत म्हणून तिकडच्या चार बायकांना खो-खो शिकवला होता. आता त्या अठरा झाल्या होत्या.

"काकू, इनको सिखानेवाला कोई नहीं है यहां. यूट्यूब बघून खेळून राहिल्या. तुम्ही फोनवर शिकवाल का?"

"फोनवर खो-खो? अरे, वेडा झाला का तू?" तृप्ती म्हणाली. पण रविवारी संध्याकाळी सहाला तिनं मोबाइल लावला.

पडद्यावर मोठं लाकडी सभागृह दिसलं. उंच खिडक्या, खिडक्यांबाहेर निळसर बर्फ. तिकडे दुपारचा दीड, पण ते गाव इतकं उत्तरेला की थंडीत दीडलाच दिवस मावळायचा. इथली संध्याकाळ आणि तिथली संध्याकाळ एकाच वेळी व्हायची. तृप्तीला ते फार आवडलं. मैदानात केळीच्या बागांकडून ओलसर वारा यायचा, हातातल्या फोनच्या काचेत बर्फ पडत असायचा, आणि मधल्या उजेडात त्या उंच, गोऱ्या बायका कोंबड्यांसारख्या उकिडव्या बसून "खो!" ओरडायच्या. कधीकधी तिला वाटायचं, आपण झोपलोय आणि भूपेंद्र आत्ता चहाला उठवेल.

भाषेचं अडलं नाही. थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, आणि राग आला की शुद्ध मराठी. "हूल दे" आणि "पाठ वाकव" एवढं तर त्या बायका मराठीतच शिकल्या. त्यांची कर्णधार सिग्ने, एकतीस वर्षांची, रस्त्यावरचा बर्फ उपसायची गाडी चालवायची. धिप्पाड, पण चपळ. एकच खोड होती. खो द्यायच्या आधी ती फोनकडे बघायची. तृप्तीनं मान हलवली की मगच खो. तृप्तीला ते सुखावायचं. इतक्या लांबची बाई आपल्या मानेच्या इशाऱ्यावर पळते, या विचारानं ती तरंगत घरी यायची.

दोन वर्षांनी दिल्लीत आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. सिग्नेचा संघ आला आणि प्रशिक्षक म्हणून तृप्ती गेली. पडद्यातल्या बायका पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसल्या तेव्हा ती दारातच थबकली. त्यांना वास होता, वजन होतं, हात गरम होते. सिग्नेनं वाकून तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

पहिला सामना सपाटून हरल्या. बाकावर बसल्या बसल्या तृप्तीला कारण दिसलं. प्रत्येक खोआधी सिग्ने तिच्याकडे बघत होती. त्या नजरेला अर्धा सेकंद लागायचा, आणि अर्ध्या सेकंदात पळणारी हातातून निसटायची. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण बाकीच्या आठजणीही आता सिग्नेसारख्याच बाकाकडे बघायला लागल्या होत्या. नऊ खेळाडूंच्या नऊ माना एकाच बाईकडे वळलेल्या. ही सवय कुणी लावली, ते तृप्तीला कुणी सांगायची गरज नव्हती.

मदतीला आलेल्या पल्लवीला तिनं विचारलं, "काय करायचं गं?"

पल्लवीनं जरा विचार केला. "मॅडम, राग नका मानू. तुम्ही त्यांना दिसायला नको."

तृप्तीला ते लागलं. तोंड फिरवून ती पाणी प्यायली. पण दुसऱ्या सामन्याला बाकावर पल्लवी बसली आणि तृप्ती गॅलरीत सगळ्यात वरच्या ओळीत, एका खांबाआड. शिट्टी झाली. सिग्नेनं बाकाकडे पाहिलं. पल्लवी बुटाची नाडी बांधत होती. सिग्नेनं चहूकडे पाहिलं, भांबावली, पळणारी सुटली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं कुणाकडे पाहिलंच नाही. खांबाकडे झेप घेण्याची हूल दिली आणि उलट्या बाजूच्या बाईच्या पाठीवर असा खो दिला की तृप्तीलाही तो आधी दिसला नव्हता. तिच्या अंगावर काटा आला. पोर सासरी निघाली की होतं, तसं तिला झालं.

चार गुणांनी जिंकल्या. पुढचे दोन सामने हरून घरी गेल्या, पण मान वर करून गेल्या.

खेळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या एका परदेशी कंपनीची अधिकारी बाई हे बघत होती. जेवणाच्या हॉलमध्ये ती तृप्तीला गाठून म्हणाली, "आम्हाला बारा देशांत हा खेळ न्यायचा आहे. गुणी खेळाडू शोधून काढणारं माणूस हवं. तुमचा नेतृत्वाचा अनुभव काय?"

तृप्ती म्हणाली, "अठरा वर्षं अठ्ठावीस पोरींना अंधार पडायच्या आत घरी पोचवते."

बाई हसली. तृप्ती हसली नाही. "खेळाडू सापडतात हो मॅडम. गल्लीगल्लीत आहेत. तुम्ही त्यांना उचलता, आणि मोडले की परत धाडता. त्यांना सांभाळून शिकवणाऱ्या बायका कुठं आहेत? त्या तयार करायला पाहिजेत. मला बारा देशांत नका पाठवू. त्या बारा देशांतल्या बायकांना बुऱ्हाणपूरला पाठवा."

ते पद दुसऱ्याच कुणाला मिळालं. व्यवस्थापनाची मोठी पदवी असलेल्या कुणाला तरी. भूपेंद्र म्हणाला, "हो म्हणायचं होतं ना. परदेश पाहिला असता."

"पाहते की फोनवर," ती म्हणाली, पण दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

आठ महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. बारा देशांतल्या नाही, पाच देशांतल्या सहा बायका, तीन आठवडे, करून बघू. पौषातल्या एका सकाळी त्या बुऱ्हाणपूरच्या फलाटावर उतरल्या. लोधीपुऱ्यातल्या सहा घरांनी त्यांना वाटून घेतलं. मांडे कसे एवढे पातळ होतात, ते बघायला त्या चुलीपुढे तासन्‌तास बसत. सिग्नेही त्यांच्यात होती. तिला आता तिच्या गावातल्या शाळकरी मुलींना शिकवायचं होतं.

वर्ग कोण घेणार, हे तृप्तीनं आधीच ठरवलं होतं. पल्लवी रडकुंडीला आली. "मॅडम, माझी इंग्रजी... आणि मी तर फेल झालेली प्लेअर."

"म्हणूनच तू," तृप्ती म्हणाली. "खेळाडू कसा मोडतो ते तुला माहीत आहे. त्यांना तेच आधी शिकव."

पहिल्या दिवशी पल्लवीनं सहाजणींना खाली बसवलं, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि टाक्यांचा वण दाखवला. मग हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत सांगत गेली, कुठल्या दिवशी दुखायला लागलं, कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं कसं नाही. मागे यंत्रमाग खडखडत होते.

पुढची तुकडी येणार की नाही, ते कंपनीनं अजून कळवलेलं नाही. पल्लवी मात्र मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी सिग्नेच्या गावी गेली. दुकानाच्या मालकानं तिची जागा राखून ठेवली आहे आणि दोन स्वेटरही दिले.

ती गेली त्या दिवशी सकाळी तृप्ती बुऱ्हाणपूरच्याच राजघाटावर जाऊन बसली. तापीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. शाळेला अजून तासभर होता. तिनं चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले, आणि पाणी गार लागलं, म्हणजे हे स्वप्न नाही, म्हणून एकटीच हसली.